पायडलवरचे पाय

माझ्या पायांची आग सुरू झाली तेव्हा मी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या ब्लाउजला हुक लावत होते. आधी वाटलं, मुंग्या चावतायत. मशीनखाली वाकून बघितलं, एकही दिसली नाही. तरी दुसऱ्या दिवशी मुंग्यांची पावडर आणली आणि मशीनभोवती पांढरी रेघ ओढली. आठवडाभर रोज ओढली. मापं द्यायला येणाऱ्या बायका साडी वर धरून ती रेघ ओलांडून आत यायच्या. कोणी काही विचारलं नाही. शिंप्याच्या दुकानात काही ना काही असतंच, असं त्यांना वाटलं असावं.

आमचं घर तोंडवलीच्या रस्त्याला आहे आणि पुढची खोली म्हणजे माझं दुकान. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, आणि आता पर्यटक वाढल्यापासून होमस्टेवाल्यांचे पडदे नि उशांचे अभ्रे. मशीन पायडलचं आहे, लग्नात आईने दिलेलं. यजमान मालवाहू जहाजावर खलाशी होते. वर्षातले नऊ महिने ते समुद्रावर नि मी पायडलवर, असं आमचं बरं चाललं होतं. निवृत्त होऊन ते घरी आले, आणि त्याच सुमारास माझे पाय बिघडले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

मधुमेहाला आमच्याकडे साखर म्हणतात. मला साखर होऊन तेव्हा सातेक वर्षं झाली होती. गोळ्या घेत होते. भात दोन वेळा खात होते. सणावारी साखर आहे हे विसरत होते आणि सण संपले की आठवत होते. पायांची जळजळ महिनाभर हटली नाही, तळव्यांना सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा यजमानांच्या स्कूटरवर बसून मालवणला डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर वयाने माझ्या भाच्याएवढे. हळू बोलतात. त्यांनी मला पलंगावर झोपवलं आणि म्हणाले, "डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणा."

डोळे मिटायच्या आधी मी त्यांच्या हातात बघून घेतलं. प्लास्टिकच्या दांडीला नायलॉनचा एक तुकडा बसवलेला होता, गरीला लावतात त्या तंगुसासारखा. आयुष्य दोऱ्यात गेल्यामुळे माझं लक्ष तिकडेच गेलं. मग डोळे मिटले आणि वाट बघत राहिले. बराच वेळ गेला.

"लावा ना," मी म्हटलं.

"डाव्या अंगठ्याला तीनदा लावून झालं," ते म्हणाले.

मी डोळे उघडले. दोरा अजून अंगठ्यावर टेकलेला होता, टेकून वाकला होता. तो मला दिसत होता आणि लागत नव्हता. इतक्या वर्षांत मला भीती अशी फारशी वाटलेली नाही. वादळात यजमानांचं जहाज अडकलं होतं तेव्हा वाटली होती. त्या पलंगावर वाटली.

"पण जळतं तर तिथेच," मी म्हटलं.

"दोन्ही एकदम असू शकतं. साखरेने नस बिघडली की जे लागलंय ते सांगत नाही आणि जे लागलेलं नाही ते सांगत बसते."

अशी एक नणंद मला आहे, त्यामुळे मला लगेच समजलं.

डॉक्टरांनी साखरेची औषधं बदलली आणि जळजळीसाठी नसांची एक गोळी दिली. सुस्ती येईल, चार-आठ दिवसांत सवय होईल, म्हणाले. गोळीने जळजळ खरंच कमी झाली. पायच नव्हे, मी सगळीच कमी झाले. सकाळी उठायचे ती कापसाच्या गादीत शिरल्यासारखी. माणसं बोलायची ते ऐकू यायचं, पण उत्तर द्यायचं माझ्यावर आहे हे उशिरा लक्षात यायचं. सवय व्हायची वाट बघत मी काम करत राहिले, कारण लग्नसराई होती.

शेजारच्या वाडीत एक मासे विकणारी बाई राहते. तिच्या मुलीच्या लग्नाचे अकरा ब्लाउज माझ्याकडे होते. नवरीचा ब्लाउज मी सगळ्यात आधी शिवून, इस्त्री करून, पिशवीत घालून ठेवला होता. ती घ्यायला आली, पिशवीतून काढून तिने तो अंगापासून लांब धरला आणि शांतपणे बघत राहिली.

"गो," ती म्हणाली, "ह्यां घालूचा खयसून?"

पुढची पट्टी मी वरपासून खालपर्यंत शिवून बंद केली होती. बंद शिवणीवर सहा हुक लावले होते, अगदी सारख्या अंतरावर. बाह्या दोन होत्या. दोन्ही उजव्या होत्या. हातशिलाई मात्र सुरेख झाली होती, हे मला तेव्हाही दिसलं.

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती खुर्चीवर बसली, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "तुका बरा नाय आसा." मग तिथेच बसून तिने माझ्यासोबत तो ब्लाउज उसवला. माशांची पाटी आत आणायला नको म्हणून तिने पायरीवर ठेवली होती आणि मांजर आली तर बघ असं मला सांगितलं होतं. मांजर आली. ती मला दिसली. ती तीन बांगडे घेऊन गेली ते सगळं मी बघितलं, आणि हे बोलायला हवं हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ती अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे होती.

त्याच आठवड्यात घोट्यांना सूज आली नि बोटात मशीनची सुई गेली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करू. कमी करून बंद केली. मग त्यांनी दुसरी दिली.

दुसऱ्या गोळीची गंमत औषधाच्या दुकानात झाली. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि भर गर्दीत, चांगल्या मनाने, विचारलं, "बाई, हल्ली उदास वाटतं काय तुम्हाला?" ती गोळी उदासपणावरही देतात, नसांवरही देतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. गर्दीला सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या चार बायका आल्या. एकीने कुळथाची पिठी आणली. चौघी माझ्या भोवती बसल्या आणि जगात सगळ्यांनाच दुःख असतं असं सांगू लागल्या. मी म्हटलं, "माझे पाय जळतात." त्यांनी मान हलवली. एक म्हणाली, "असां वाटता गो कदी कदी." पिठी चांगली होती. गोळीने मात्र तोंड इतकं कोरडं पडायचं की दोऱ्याचं टोक ओलं करून सुईत ओवणं जमेना, आणि चक्कर यायची. तीही गोळी बंद झाली.

तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अजून एक प्रकार आहे. जोरदार वेदनाशामक. सरसकट देत नाही, पण अगदीच सहन होत नसेल तर."

"ती नको," मी म्हटलं.

त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही. ते कारण म्हणजे माझा मोठा भाऊ, आणि तो बाहेर बाकावर बसला होता. त्या दिवशी यजमानांना ताप होता म्हणून तो सोबत आला होता.

दादा मुंबईला गोदामात नोकरीला होता. माल उतरवताना पाठीवर पडला. ऑपरेशन झालं, पाठ बरी झाली नाही, आणि तिथल्या कोणी त्याला ती जोरदार गोळी सुरू करून दिली. दुखणं जरा आटोक्यात आलं. मग गोळी पुरेना. मग दोन झाल्या. नोकरी सुटली तसा तो गावी आला आणि आमच्या पलीकडच्या घरात एकटा राहू लागला. वहिनी आधीच वारलेली. माझा दादा म्हणजे भजनात झांजा वाजवणारा, पावसाळ्यात खेकडे पकडून वाडीभर वाटणारा माणूस. आता तो घड्याळाकडे बघून बोलायचा. गोळीची वेळ जवळ आली की कपाळावर घाम, हात चाळवलेले. गोळी घेतली की अर्ध्या तासात हसरा. आम्ही सगळे ते बघत होतो आणि त्याबद्दल बोलत नव्हतो. माणूस कामाचा, त्याची पाठ दुखते, असं म्हणायचो.

तिसऱ्या गोळीला नाही म्हटलं आणि मग गावातली औषधं सुरू झाली. कोणी निरगुडीचा पाला सांगितला, कोणी खोबरेल. एकीने गरम पाण्यात मीठ घालून पाय सोडून बसायला सांगितलं. ते सोपं होतं. चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं, हाताने न बघता पाय सोडले आणि तांदूळ निवडत बसले. पाणी कोमट वाटलं. यजमान आत आले, बादलीवरची वाफ बघितली आणि माझे पाय धरून बाहेर काढले. घोट्यांपर्यंत लाल. संध्याकाळी दोन्ही पायांना टरटरून फोड आले.

डॉक्टर हळू बोलतात म्हटलं ना, त्या दिवशी नव्हते बोलले. फोड भरायला महिना लागला. साखरेच्या माणसाची अशी जखम चिघळली तर बोट जातं, कधी पाय जातो, हे त्यांनी मला आणि यजमानांना समोरासमोर बसवून सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून यजमान रोज संध्याकाळी माझे पाय तपासायला लागले. आयुष्यभर त्यांनी जहाजाच्या अंगावरचा गंज शोधला होता. ते स्टूल घेऊन बसायचे, चष्मा लावायचे, टॉर्च पेटवायचे. "पाय हाड हयसर." आधी डावा, मग उजवा. बोटांच्या मधे, टाचेच्या भेगेत, नखाच्या कडेला. मग एका वहीत लिहायचे: डावा, करंगळीखाली लाल ठिपका, सुईच्या टोकाएवढा. उजवा, ठीक. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यांनी माझा पाय कधी नीट बघितला नसेल. मला आधी लाज वाटली. मग मी तेवढ्या वेळात टीव्ही बघायला लागले.

फोड भरत असताना जळजळ आणखी वाढली. काम बंद होतं. दुपारी मी न्हाणीघरासमोरच्या ओल्या लादीवर पाय ठेवून बसलेली असायचे. एकदा दादा आला. पायांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. खिशातून पाकीट काढलं आणि त्यातली एक गोळी कापून माझ्या हातावर ठेवली.

"घे. अर्ध्या तासात सुटका."

"नको रे दादा."

"कित्याक सोसतंस? मी हाय मा. रोज घेतंय, मेलंय काय?"

गोळी पांढरी, साधी, तुरीच्या दाण्याएवढी होती. हे लिहायला सोपं आहे, पण तेव्हा मला ती हवी होती. पाय निखाऱ्यावर असल्यासारखे होते आणि सुटका अर्ध्या तासावर होती. आणि देणारा माझा भाऊ होता, त्याच्या वाट्यातली देत होता. त्याला ती कमी पडणार होती हे मला माहीत होतं. गोळी हातावर ठेवून त्याने पाकिटात उरलेल्यांकडे एक नजर टाकली, तेही मी बघितलं.

मी विचारलं, "दिसाक किती घेतंस?"

लादीवर पाणी होतं त्यात त्याने चपलेने रेघ ओढली.

"दादा."

"आठ," तो म्हणाला. "कदी नऊ. एका दुकानात देणत नाय म्हणान तीन दुकानांत जातंय. कणकवलेक सुदा जातंय."

मी गोळी परत त्याच्या हातात दिली. म्हटलं, "माका ही दिव नको. माझ्यावांगडा डॉक्टराकडे ये. मी माझे पाय दाखवतंय, तू ह्यां दाखव."

त्याने पाकीट खिशात घातलं आणि गेला. तीन दिवस आमच्याकडे फिरकला नाही. मला वाटलं, भाऊ गेला. चौथ्या दिवशी माझी डॉक्टरांकडची तारीख होती. यजमान स्कूटर काढत होते आणि दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेटशी उभा होता. "मी रिक्शान येतंय," एवढंच म्हणाला.

डॉक्टरांकडे तो आत गेला तेव्हा मी बाहेर बसले. दार बंद होतं. बऱ्याच वेळाने आला. डोळे लाल होते. डॉक्टरांनी त्याला गोळी बंद करायला सांगितली नव्हती, एकदम बंद केली तर धोका आहे म्हणाले होते. ओरोसला एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि तिथून अगदी थोडी थोडी कमी करायची ठरलं. एकाच दुकानातून घ्यायची, आणि गोळ्या यजमानांच्या ताब्यात. यजमानांनी वहीचं मागचं पान उघडलं.

माझ्यासाठी डॉक्टरांनी गोळ्यांचा विषय बाजूला ठेवला आणि म्हणाले, साखर खाली आणल्याशिवाय पाय ऐकणार नाहीत, बाकी वरून लावायचं देतो. एक मलम दिलं. घरी येऊन डबी वाचली तर ते मिरचीपासून केलेलं. मी सासूबाईंना दाखवली. सासूबाईंनी सगळं आयुष्य मालवणी मसाला कुटण्यात घालवलंय. त्यांनी डबी हुंगली.

"ह्येच्यासाठी मालवणाक गेललंस?" त्या म्हणाल्या.

पहिले दहा दिवस मलमाने पाय दुप्पट जळले. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. हात धुवायलाही सांगितलं होतं, ते मी एकदा विसरले आणि डोळा चोळला. त्या दिवशी तासभर मला पायांची आठवण झाली नाही. मग हळूहळू, लक्षात येणार नाही असं, आग कमी व्हायला लागली. भात एक वेळ केला, तोही वाटीभर. नाचणीची भाकरी. सकाळी बूट घालून सुरूच्या बनापर्यंत चालणं. वाळूत अनवाणी चालायला बंदी, आणि समुद्राकाठच्या बाईला ही बंदी काय असते ते मी सांगत बसत नाही.

मोजे मात्र सहन व्हायचे नाहीत. बोटांवरची शिवण तळव्यात सळई खुपसल्यासारखी लागायची. बाकी काही लागत नसे नि शिवण लागायची. शेवटी मी होजिअरीचं कापड आणलं, स्वतःच्या पायाचं माप घेतलं आणि शिवण बाहेरच्या बाजूला येईल असे मोजे शिवले. दिसायला उलटे घातल्यासारखे दिसायचे. बाजारात दोघीतिघींनी हळूच कानाशी येऊन सांगितलं, "गो, मोजे उलटे हत." मी म्हणायचे, "म्हायत आसा." चौथी माशांच्या पाटीवाली भेटली, जिच्या मुलीचा ब्लाउज मी बंद शिवला होता. तिने मोजे वाकून बघितले, हात लावून बघितले आणि म्हणाली, "माज्या घोवाक साकर आसा. तेका दोन जोड शिवशीत?"

मला वाटत होतं ती पुन्हा माझ्या दाराला येणार नाही. त्या दिवशी मी बाजारातून काय आणायला गेले होते ते न आणता घरी आले. नंतर किती जणांना साखर आहे ते मोज्यांमुळे कळलं. मुख्याध्यापिकाबाईंनासुद्धा आहे. त्या मोजे न्यायला शाळा सुटल्यावर, रस्ता रिकामा बघून येतात.

पायडलवर पुन्हा बसले तेव्हा माझ्या मुलीने मशीनला मोटर लावून दिली होती. मोटरचं बटणही पायानेच दाबायचं असतं. पाय किती दाबला गेला ते मला कळेना आणि मशीन सुटलं ते पडद्याच्या कापडावरून थेट माझ्या पदरावर गेलं. मोटर काढली. पायडलचा आवाज येतो. पाय सांगत नाही ते कानाला कळतं.

दादाचा काळ कठीण गेला. गोळी कमी झाली की दोन-तीन दिवस त्याला घरात बसवेना. अंगात कसकस, पोट बिघडलेलं. एकदा तो परत कणकवलीला गेला. संध्याकाळी येऊन यजमानांसमोर पाकीट ठेवलं आणि म्हणाला, "लिवा." यजमानांनी लिहिलं. त्या दिवसांत तो दुकानात येऊन बसायला लागला. हातांना काम हवं म्हणून मी त्याला उसवायचं काम दिलं. अल्टर करायचे ब्लाउज, घट्ट झालेले गणवेश. तो एकेक टाका ब्लेडने कापायचा आणि दोरा उपटून मांडीवर ठेवायचा. मी शिवायचे, तो उसवायचा. पावसाळाभर आम्ही दोघं असे बसलो. लहानपणानंतर इतका वेळ आम्ही एकत्र बसलो नव्हतो. पाठीचं काय, असं मी विचारायचे. "आसा," तो म्हणायचा. "पायांचा काय?" "आसत." एवढं बोलणं पुरायचं. एकदा मात्र तो ब्लेड थांबवून म्हणाला, "त्या दिवशी तू ती गोळी घेतली असतंस तर मी खय गेलो असतंय?" मी म्हटलं, "कणकवलेक." तो हसला. मग बराच वेळ मान खाली घालून उसवत राहिला.

आता तो दिवसाला अर्ध्या गोळीवर आहे. मोठे डॉक्टर म्हणतात घाई नको. पाठ दुखते, ती दुखणार. माझी जळजळ गेलेली नाही. दुपारी चारच्या सुमाराला येते, रात्री थोडी येते, आणि ती आली की मी पाय गार लादीवर ठेवते. वाढली तर डॉक्टर पुन्हा एखादी गोळी सुचवतील आणि मी तेव्हा बघेन. गोळ्यांशी माझं भांडण नाही. ज्यांना त्या सोसतात त्यांनी घ्याव्यात.

गेल्या गणपतीत दादाने भजनाला झांजा वाजवल्या. सगळी रात्र नाही, दोनच गजर. पाठीला उशी लावून भिंतीशी बसला होता. दुसऱ्या गजरात ताल चुकला आणि बुवांनी त्याच्याकडे बघितलं. दादाने त्यांच्याकडे बघितलं नाही. तो ताल शोधत होता. दोन आवर्तनं गेली, तिसऱ्याला सापडला.